टेसू नाही म्हणतो

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या मुकुंदाला तर नाहीच. एकदा गाडीत बसून बोलले होते — पण त्याला सांगणं म्हणत नाहीत, ते पुढे येईलच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात माझं पुस्तक असेल, आणि ते तुम्ही पोरांना मांडीवर घेऊन वाचून दाखवत असाल, म्हणून असेल.

पुस्तकापासूनच सुरुवात करते. तेवढंच त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी मुलांसाठी चित्रं काढते. उभा जन्म दुसऱ्यांच्या गोष्टींना ससे आणि कासवं पुरवली. पन्नाशी आली तेव्हा स्वतःची एक चित्रकादंबरी केली. एक भाऊ, एक बहीण आणि राक्षस. मुख्य राक्षसाचं नाव तिपाया. बांबूच्या तीन काटक्या हे त्याचे पाय, वर मातीचं मुंडकं, पिळदार मिशा, आणि पोटाच्या जागी जळणारी पणती. ज्या घरातलं मूल रडेल, कण्हेल, 'दुखतंय' म्हणेल, त्या घरातल्या आईला तो उचलून नेतो. गोष्टीतल्या भावाला डाव्या कानानं माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, पण राक्षसांची कुजबुज मात्र त्याच कानानं येते. तो आणि त्याची ताई तोंडातून हूं की चूं न काढता तिपायाच्या राज्यात शिरतात आणि सगळ्यांच्या आया परत आणतात.

ताईसुद्धा घाबरलेली असते. पानापानावर मी तिचे गुडघे लटपटताना काढलेत. मुलांना तेच सगळ्यांत आवडतं, की एवढी मोठी ताई, घाबरते, तरी भावाचा हात सोडत नाही. एका शाळेत गेले होते तर पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली आणि म्हणाली, "आप भी डरती थीं?" मी हो म्हटलं. टाळ्या पडल्या.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलंय — 'ज्यानं कधीच तक्रार केली नाही, त्या माझ्या धाकट्या भावाला.' ते वाचून लोकांचे डोळे भरून येतात. मुकुंदाचेही आले होते. तो म्हणाला, ताई, माझ्या बहिऱ्या कानाचं तू सोनं केलंस गं. मी चहा टाकायला उठले.

आता टेसूचं सांगायला हवं, कारण तिपाया म्हणजे टेसूच.

ग्वाल्हेरकडे दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पोरं टेसू घेऊन दारोदार हिंडतात. तीन काटक्या मध्ये बांधून त्यांची तिवई करायची, वर मातीचं रंगवलेलं मुंडकं बसवायचं, मधोमध पणती ठेवायची. टेसू मोठा हट्टी. दारात उभा राहिला की काही पदरात पडल्याशिवाय हलत नाही. मुलींची झांझी असते, भोकंभोकं पाडलेलं मडकं, आत दिवा. पौर्णिमेला दोघांचं लग्न लागतं आणि लग्न लागलं रे लागलं की टेसूचं मुंडकं फोडून टाकायचं, हा रिवाज. आम्ही तेव्हा ग्वाल्हेरात गोरखीजवळ एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. वडिलांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आलेले, त्यामुळे वडिलांना टेसू घरचाच. आई सांगलीची. ती घरात आमच्याकडून भोंडला खेळून घ्यायची, आणि आम्ही भोंडल्याची खिरापत तोंडात कोंबून गल्लीत टेसूच्या मागे धावायचो. दोन्हीत काही वाकडं आहे असं कुणालाच वाटत नसे.

मुकुंद सहा वर्षांचा असेल, मी अकराची. त्या वर्षी टेसू फोडायची वेळ आली आणि मुकुंदानं भोकाड पसरलं. आत्ता लग्न झालं आणि आत्ता मारायचं? पोरं हसायला लागली. मी मोठी बहीण, माझा ताठा दुखावला — आणि खरं सांगायचं तर मलाही ते मुंडकं फार आवडलं होतं, भुवया कुणीतरी इतक्या सुरेख काढल्या होत्या. मी एक फुटका डेरा पुढे केला, तो पोरांनी फोडला, आणि टेसूचं मुंडकं फ्रॉकमध्ये गुंडाळून आम्ही घरी आणलं. अंगणातल्या लाकडांच्या मागे दडवलं. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही फारसं केलं नाही.

आईचा दिवाळीत किल्ला करायचा शिरस्ता होता. ती माहेरून मातीचे मावळे घेऊन आली होती, इकडे तसे कुठे मिळायला? पण सिंहासनावर बसायचे महाराज त्या वर्षी डब्यातून काढतानाच फुटले. मग किल्ल्यावर राजा कोण? आम्ही बिनधास्त टेसू नेऊन बसवला. मावळ्यांच्या चौपट मुंडकं, हिरव्या अळीवात हनुवटीपर्यंत बुडालेलं. आईला त्यातलं काही कळलं नाही, तिला ते गोजिरवाणं वाटलं. शेजारच्या मिश्रा चाची मात्र बघून कपाळावर हात मारून घ्यायला लागल्या, की ब्याह के बाद टेसू को घर में कौन रखता है, मराठों का तो सब उल्टा है. दिवाळी झाली, किल्ला मोडला, आणि टेसू मागच्या अडगळीच्या खोलीत फळीवर जाऊन बसला. चाचींचं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. मला ते लवकरच उपयोगी पडणार होतं.

आईला त्याच वर्षी शाळेत नोकरी लागली, दुपारच्या पाळीची. पहिल्या पगारात तिनं मला रंगपेटी आणली. खरी, पत्र्याच्या डब्यातली, ब्रशसकट. आणि दुपारी मुकुंदाला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मुकुंद किरकिरा होता. हे दुखतं, ते टोचतं, आई कधी येणार, ताई माझ्याशी बोल. मला चित्रं काढायची होती. मला दुपार हवी होती. बास, एवढंच.

तर मी त्याला अडगळीच्या खोलीच्या दारात नेऊन उभं केलं आणि सांगितलं — आपण याला फोडला नाही, म्हणून हा आता कायमचा इथेच राहणार. चाची काय म्हणाल्या ऐकलंस ना? याला रडणं आवडत नाही. कुणी रडलं, दुखतंय म्हणालं, की हा त्याच्या आईला घेऊन जातो. मुंडक्याला तर पाय नाहीत, असं मुकुंद म्हणाला. मी म्हटलं, रात्री फुटतात. तीन.

त्या दिवसापासून मला दुपार मिळाली.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? कुठली मोठी भावंडं लहानांना घाबरवत नाहीत? मीही स्वतःला हेच म्हणत आले. इथपर्यंतची गोष्ट मी हसत हसत सांगूही शकले असते, चारचौघांत, फराळाच्या वेळी. एकदा तो झोपेत दचकला तेव्हा आईला संशय आला होता. तिनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, पुन्हा त्याला घाबरवलंस असं कळलं तर रंगपेटी काढून घेईन आणि परत देणार नाही. आई बोलल्याप्रमाणे करणारी होती.

आता येते त्यावर. येतेच आहे.

थंडी पडली. इकडची थंडी हाडात शिरते. मुकुंद डावा कान तळहातानं दाबून बसायला लागला. काही बोलायचा नाही. भिंतीला टेकून बसायचा, उन्हाचा तुकडा सरकेल तसा सरकायचा. मी बघत होते. एका सकाळी अंथरुणं काढताना त्याच्या उशीवर पिवळा डाग दिसला, वासही येत होता. मी काय केलं असेल? मी उशी उलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आई घाईत असायची, मी शहाण्या मुलीसारखी अंथरुणं आवरते याचं तिला कौतुक होतं.

आणि एका दुपारी तो माझ्याजवळ आला. मी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होते. तो अगदी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, टेसूला ऐकू जाऊ नये म्हणून, कुजबुजला.

"ताई, कान दुखतोय हे आईला सांगू का? टेसूला विचारून ये ना."

तो रडत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मी त्या चेहऱ्यावर पाहिलंय. त्याला त्याच्या कानाचं काही नव्हतं, टेसू आईला नेईल याची भीती होती. म्हणून परवानगी मागत होता. आणि मध्यस्थ म्हणून मी.

मी उठले. अडगळीच्या खोलीत गेले, दार लोटलं. टेसूकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराआड उभी राहून विचार करत होते — हा आईला सांगेल. आई विचारेल, मग इतके दिवस का नाही बोललास? हा टेसूचं नाव सांगेल. आणि माझी रंगपेटी जाईल. एवढाच हिशोब होता. हाताला निळा रंग लागला होता, तो मी फ्रॉकला पुसला आणि बाहेर आले.

"टेसू नाही म्हणतो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि भिंतीपाशी जाऊन बसला. मी चित्र पुरं केलं.

हे आहे ते. चित्रकादंबरीत दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. एका चौकटीत दार बंद, दुसरीत उघडं, मध्ये काय झालं ते वाचणाऱ्यानं मनानं भरून घ्यायचं. माझ्या पुस्तकातही ताई राक्षसाला विचारायला आत जाते आणि बाहेर येते. मधल्या पट्टीत मुलं काय भरतात मला ठाऊक आहे. ती भरतात, बिचारी ताई किती घाबरली असेल आत.

पुढचं लवकर सांगते. काही दिवसांनी मुकुंद चक्कर येऊन जिन्यावरून पडला. मिश्रा चाचींनी त्याला उचललं तेव्हा अंग भाजत होतं, कानामागे ही एवढी सूज. त्यांनी मला आईच्या शाळेत पिटाळलं आणि मी जीव तोडून धावले. कानामागचं हाड सडलं होतं. ऑपरेशन झालं, पोर वाचलं, डावा कान गेला. डॉक्टर आईला म्हणाले, आधी आणायला हवं होतं, इतके दिवस मुलगा काही बोलला कसा नाही? आई म्हणाली, माझंच लक्ष नव्हतं. तिनं नोकरी सोडली. ती शिकवायची फार छान, तिची मुलं घरी यायची तिला भेटायला, ती त्यांना लाडू द्यायची आणि लवकर वाटेला लावायची. आल्यागेल्याला सांगायची, मुकू सोशिक हो, कधी तक्रार नाही, माझंच लक्ष नव्हतं. ही दोन वाक्यं ती जन्मभर जोडीनं म्हणत राहिली. आणि वडील म्हणायचे, ताई धावली म्हणून दुसरा कान तरी वाचला. घरात मी धावणारी ठरले. रंगपेटी माझ्याजवळच राहिली. तिच्यावरच माझा हात बसला, चित्रकार झाले मी.

आणि टेसू? तो मी त्या गडबडीत नळाखाली धरून विरघळवला. भुवया सगळ्यांत शेवटी गेल्या.

आई आठ-दहा वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ होते, रोज पाय चेपायचे. किती वेळ होता माझ्याकडे, सांगा ना. मी नाही बोलले. नंतर पुस्तक काढलं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, त्यातली गत. मला वाटलं बहिऱ्या कानाला जादू दिली की फिटेल काहीतरी. प्रकाशनाच्या दिवशी मुकुंदच मला गाडीतून घरी सोडायला आला. तो गाडी चालवणार म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताला. सराफ्यातून येताना ही गर्दी, हॉर्न, आणि मी खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. उशीचं बोलले, दाराआडचं बोलले, रंगपेटीचं बोलले. तो म्हणाला, काय गं? त्या बाजूनं बोललीस तर मला ऐकू येत नाही, तुला माहीत आहे ना. मला माहीत होतं. मी म्हटलं, काही नाही, ए.सी. जरा कमी कर.

म्हणजे सांगून टाकल्याचं समाधान हवं होतं, आणि त्याला कळायला नको होतं. इतकी मी धोरणी.

हे असंच चाललं असतं. पण मुकुंदाची मुलगी, सई, सात वर्षांची, शाळा सुटली की दुपारी माझ्याकडे येते. मी दर्पण कॉलनीत राहते, तिची शाळा जवळ पडते, तिचे आईबाप दोघं नोकरीवर. म्हणजे पुन्हा दुपार, पुन्हा मी, पुन्हा एक लहान मूल. गेल्या महिन्यात ती लंगडत होती. विचारलं तर म्हणे मुरगळला. दोन दिवसांनी मोजा काढायला तयार होईना, तेव्हा मी जबरदस्तीनं काढला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, सगळी टाच पिकून लाल. मी हात लावला तर तिनं ओठ दातांखाली दाबले. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि आवाज नाही. मी विचारलं, अगं सांगितलं का नाहीस? ती हसली. शाबासकीची वाट बघत हसली.

"मी आवाजच नाही केला, आत्या," ती म्हणाली. "बोलती तो तिपाया मम्मीला घेऊन गेला असता ना."

माझं मलाच ऐकू येईना काही वेळ. मग मी तिला छातीशी धरलं आणि म्हटलं, रड. मोठ्यांदा रड, भोकाड पसर, तिपाया-बिपाया काही नसतं, आत्यानं खोटं लिहिलंय. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग रडली. तिला दवाखान्यात नेलं, काटा काढला, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली.

संध्याकाळी मुकुंद तिला न्यायला आला. सई आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती, शेजारी तिचं तिपायाचं पुस्तक. तो कोचावर बसला. मी उठून माझी खुर्ची त्याच्या उजव्या बाजूला ओढली. त्यानं पाहिलं.

मी म्हटलं, मुकू, एका दुपारी तू मला टेसूला विचारायला पाठवलं होतंस, आठवतं?

तो हसला. आठवतं की, म्हणाला. आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्याला सगळंच आठवत होतं. कॉलेजात असताना त्यानं ते आईलाही सांगितलं होतं. आई म्हणाली, ताईला हे कधी विचारू नकोस, तीही लहानच होती. वर म्हणाली, घरात माझी दोन पोरं त्या मातीच्या मुंडक्याला भिऊन जीव मुठीत धरून बसली होती, आणि मी दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवत होते. माझंच लक्ष नव्हतं.

म्हणजे तिनं मला माफ केलं होतं. त्यानंही केलं होतं. किती वर्षं दोघं मला जपत होती, एका शब्दानं बोलली नाहीत.

"तू पण घाबरायचीसच ना त्याला," मुकुंद म्हणाला. "पुस्तकात काढलंयस की."

तो विचारत नव्हता, मला धीर देत होता. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्याला बरं वाटलं असतं, मलाही, आणि आईचा शब्दही राहिला असता. तुमची शपथ, मान हलवायला मी निघालेही होते.

"नाही," मी म्हटलं. "मी कधीच घाबरले नाही, मुकू. मी आत गेले आणि दाराआड उभी राहिले. त्याला काही विचारलंच नाही. तुझी उशीसुद्धा मी उलटी करायचे. आईनं रंगपेटी काढून घेतली असती, म्हणून नाही म्हटलं."

त्याचा हात डाव्या कानामागे गेला. तिथे ऑपरेशनचा वण आहे. बोटानं तो वण चाचपत राहिला, बराच वेळ.

"आईला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

तो उठला. आत जाऊन त्यानं सईला कडेवर घेतलं. ती त्याला सांगत होती, पापा, मैं खूब रोई, आत्यानंच सांगितलं रडायला. तिच्या चपला त्यानं दुसऱ्या हातात घेतल्या. पुस्तक उशीपाशीच राहिलं, त्यानं ते घेतलं नाही.

निघताना तो नेहमी म्हणतो, येतो गं ताई. त्या दिवशी नाही म्हणाला. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. खाली गाडी सुरू झाली, वळली, गेली. मग मी आत आले आणि दार लावून घेतलं.